“भीती वाटते का?” : दादाला किडनी देताना

दादाला माझी किडनी देऊन मार्च २०२५ मध्ये एक वर्ष झालं. या वर्षात तिघीजणी माझ्याकडे चौकशीला येऊन गेल्या. एकीला नवऱ्याला द्यायची आहे, एकीला मुलाला, एक अजून ठरवतेय. तिघींनी कागदपत्रं विचारली, खर्च विचारला, टाके किती पडतात ते विचारलं. आणि निघताना, दाराशी चप्पल पायात सरकवताना, तिघींनीही आवाज खाली आणून एकच विचारलं, “तुला भीती नाही वाटली?” तिघीही आमच्या मंडळीतल्याच, म्हणजे चर्चमधल्याच, म्हणून त्यांच्या प्रश्नात आणखी एक प्रश्न दडलेला होता, तो मला ओळखू आला. विश्वास असेल तर भीती वाटायला नको ना? याचं उत्तर दाराशी उभ्या उभ्या देता येत नाही. म्हणून घडलं तसं क्रमाने लिहितेय.

माझं माहेर नगर. आता अहिल्यानगर झालं, पण तोंडात नगरच येतं. वडील मिशनच्या शाळेत शिक्षक होते, २०११ साली गेले. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, आई त्याच्याकडे असते. मी लग्नानंतर पिंपरीला आले, इथल्याच एका शाळेत शिकवते. नवरा कंपनीत आहे, मुलगी तेव्हा नववीत होती.

दादाचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट चालत नसली की रक्तात साठणारा घटक, वाढलेलं २०२१ मध्येच कळलं होतं. बीपीकडे केलेलं दुर्लक्ष. दोन वर्षं गोळ्यांवर आणि पथ्यावर ढकलली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा, चार चार तास. ते महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसल्याने पैशाचा भार पडला नाही. (शिधापत्रिका आणि आधार यांवरची नावं आधीच जुळवून ठेवा, तिथे आमचे दोन आठवडे गेले.) पण माणूस डोळ्यांदेखत वाळत गेला. त्याला सगळ्यात जड गेलं ते पाणी. दिवसाला पाऊण लिटर, त्यात चहा, आमटी, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं आलं. वहिनीने एका बाटलीला लाल नेलपॉलिशने रेघ मारून दिली होती आणि दादा प्रत्येक घोट एका छोट्या डायरीत लिहायचा. मे महिन्यात मी नगरला गेले होते, त्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. वेदीपाशी गुडघे टेकून त्याने तो बोटाएवढा प्याला घेतला, घरी आला आणि डायरीत लिहिलं, “प्रभुभोजन, १० मिली.” मी ते त्याच्या खांद्यावरून वाचलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

वहिनीचा रक्तगट बी, दादाचा ओ, त्यामुळे तिची किडनी चालेना. आई पंचाहत्तरीची, वर मधुमेह. पुण्याच्या झेडटीसीसीत, म्हणजे मेंदूमृत दात्यांचे अवयव ज्या केंद्रामार्फत दिले जातात तिथे, दादाचं नाव नोंदवलं. रांग लांब होती. माझा रक्तगट ओ पॉझिटिव्ह. कोणी मला विचारलं नाही, आणि तेच मला फार लागायचं. दादा फोनवर फक्त “बेबी, शाळा कशी चाललीय?” एवढंच विचारायचा. जुलैत एका रात्री मीच नवऱ्याला म्हटलं, “मी तपासून घेते.” तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “तपासून घे. पुढचं पुढे बघू.”

ऑगस्टपासून माझ्या तपासण्या सुरू झाल्या. पुण्यातलं एक धर्मादाय रुग्णालय आम्ही ठरवलं होतं. सुरुवातीला रक्त, लघवी, साखर, कावीळ आणि एचआयव्हीच्या चाचण्या. मग एचएलए, म्हणजे पेशींची जुळणी. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, अजिबात न जुळण्याचीही चारात एक, आणि निम्मी जुळण्याची चारात दोन, असं रुग्णालयातल्या प्रत्यारोपणाचं काम पाहणाऱ्या कोऑर्डिनेटरबाईंनी कागदावर चौकोन काढून समजावलं. आमची निम्मी जुळली. मग क्रॉसमॅच, म्हणजे दादाचं रक्त माझ्या पेशींवर हल्ला करतं का ते पाहणं, चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवणं, इको, ताणचाचणी, दोन्ही किडन्या वेगवेगळं किती काम करतात ते पाहणारा डीटीपीए स्कॅन, आणि शेवटी सीटी अँजिओग्राफी. माझं वय चाळीसच्या वर, म्हणून मॅमोग्राफी आणि पॅप स्मीअरही. एकूण अठ्ठावन्न हजार रुपये आणि शाळेच्या अकरा रजा. एक सांगते: चोवीस तासांच्या लघवीची चाचणी रविवारी ठेवा. मी वर्गाच्या दिवशी ठेवली आणि ती पुन्हा करावी लागली.

एकेक रिपोर्ट चांगला येत गेला तशी माझी झोप उडत गेली. हे कोणाला सांगायचं? पहिल्या चाचणीला जाताना मनात एक पळवाट होती, काहीतरी निघेल आणि डॉक्टरच नाही म्हणतील. ती वाट रिपोर्टगणिक बंद होत होती. रात्री दोनला जाग यायची आणि छातीवर कोणी बसल्यासारखं व्हायचं. सकाळी फोनवर मंडळीतल्या कोणा ना कोणाचं वचन आलेलं असायचं, बहुतेकदा बायबलातल्या यशयाच्या एकेचाळिसाव्या अध्यायातलं दहावं, “भिऊ नको”वालं. सगळ्यांनी मायेने पाठवलेलं. मी हात जोडल्याचं चित्र परत पाठवायचे आणि आतून आणखी एकटी पडायचे, कारण मी भीत होते आणि भिणं म्हणजे अविश्वास, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्यातच एका प्रार्थनासभेत बाहेरून आलेल्या वक्त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, “तुमचा विश्वास पुरेसा असेल तर ऑपरेशनची गरजच पडणार नाही.” ते वाक्य मी महिनाभर वाहिलं. आजही मला ते चुकीचं वाटतं, आणि आजारी माणसाच्या घरात ते कोणी बोलू नये असं मनापासून वाटतं.

१९ ऑक्टोबरला मानसोपचारतज्ज्ञांची भेट होती. दात्याचं मन ठिकाणावर आहे का, तो कोणाच्या दबावाखाली नाही ना, हे त्या पाहतात. माझ्याएवढ्याच वयाच्या बाई. आधी घरचं विचारलं, शाळेचं विचारलं. मग एकदम, “भीती वाटते का?”

मी म्हटलं, “नाही. माझा देवावर विश्वास आहे.”

त्यांनी मान हलवली, काहीतरी लिहिलं. मग विचारलं, “किडनी दिली आणि भावाच्या शरीराने ती स्वीकारली नाही, तर?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तोंड उघडलं आणि शब्दच आला नाही. त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, “दोन आठवड्यांनी पुन्हा या. घाई नाही.” बाहेर येऊन मी नवऱ्याला सांगितलं की फॉर्मवर सही झाली नाही. मला वाटलं, मी नापास झाले.

आमच्या मंडळीत एक मावशी आहेत, सत्तरी ओलांडलेल्या. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलमध्ये नर्सिंग शिकलेल्या, पुढे मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. महिला मंडळात त्या फारशा बोलत नाहीत. त्या शनिवारी मी त्यांच्याकडे गेले, खरं तर ऑपरेशननंतर जखम कशी सांभाळायची ते विचारायला. त्या लसूण सोलत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “भीती वाटते ना?” आणि मी त्या लसणाच्या परातीसमोर बसून हो म्हटलं. पहिल्यांदा. कोणापुढेही पहिल्यांदा.

त्यांनी हात धुतले, चष्मा लावला आणि लूकच्या शुभवर्तमानाचा बाविसावा अध्याय काढला. गेथशेमाने, प्रभूने पकडलं जाण्याआधी त्या रात्री जिथे प्रार्थना केली ती जागा. प्रभूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता, ते वचन. मी लहानपणापासून दर उत्तम शुक्रवारच्या आधी ते ऐकत आलेय. मावशी म्हणाल्या, “हा घाम शुभवर्तमानं लिहिणाऱ्या चौघांपैकी एकट्या लूकनेच लिहिलाय. का, ठाऊक आहे? तो वैद्य होता. मी चाळीस वर्षं ऑपरेशनच्या आदल्या रात्री माणसांचे गळे पुसलेत. लूकने ते पाहिलेलं असणार. भ्यालेला माणूस कसा दिसतो ते त्याला माहीत होतं, म्हणून त्याला ते लिहावंसं वाटलं.” मग मत्तय काढला. हा प्याला, म्हणजे पुढचं दुःख, टळून जावो, अशी प्रार्थना प्रभूने एकदा करून सोडली नाही, तीनदा केली, आणि तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलला. “तेच शब्द, बाळा. नवीन काही सुचलं नाही त्यालाही. तू कशाला सजवून प्रार्थना करतेस?”

आम्ही प्रार्थना केली. मी डोळे मिटले आणि फक्त, “प्रभू, मला भीती वाटते,” एवढंच म्हणू शकले. पुढे काहीच नाही. मावशी म्हणाल्या, “आमेन.” मला वाटलं होतं त्या पुढे चालवतील. त्यांनी नाही चालवली.

भीती गेली नाही. हे मला अगदी स्पष्ट सांगायचं आहे. त्या रात्रीही दोनला जाग आली. पण लपवायचं ओझं उतरलं होतं. मी उठून मुलीची एक जुनी शंभरपानी वही घेतली आणि शेवटच्या पानावर भीत्या लिहून काढल्या, प्रार्थना म्हणून, देवाला सांगतेय तशा. भूल दिल्यावर जाग आली नाही तर? उरलेली किडनी पुढे बिघडली तर? मुलीला कोण बघेल? ऑपरेशन चालू असताना दोघांनाही काही झालं तर आईचं काय? दादाला लागू पडली नाही तर मी त्याच्यावर मनातून रागवेन का? ही शेवटची लिहिताना हात थांबला होता, पण लिहिली.

दोन आठवड्यांत त्या वहीत सतरा वाक्यं झाली. आणि मग लक्षात आलं की यातली निम्मी देवाला सांगून डॉक्टरांनाही विचारता येतील. मी ती वही घेऊन सर्जनकडे गेले. त्यांनी एकेक वाचून उत्तर दिलं. शक्यतो डावी किडनी काढतात, कारण तिची शीर लांब असते आणि जोडायला सोपी जाते. दुर्बिणीतून करतात, म्हणजे पोटावर लहान छिद्रं आणि किडनी बाहेर काढायला ओटीपोटावर एक आडवा छेद. उरलेली किडनी हळूहळू जास्तीचं काम उचलते, क्रिएटिनिन थोडं वर जाऊन स्थिरावतं. वर्षातून एकदा बीपी, रक्त, लघवी तपासायची आणि दुखण्यावरच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत. दात्याच्या जिवाला धोका अगदी कमी असतो, पण शून्य नसतो, हेही त्यांनी सांगितलं, आणि ते स्वच्छ सांगितल्यामुळेच मला त्यांच्यावर भरवसा वाटला. जी वाक्यं उरली ती कोणत्याच डॉक्टरची नव्हती. ती मी रोज रात्री तशीच, त्याच शब्दांत, पुन्हा म्हणत राहिले.

३ नोव्हेंबरला मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले तेव्हा वही बरोबर होती. त्यांनी तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, “हो, खूप. आणि दादाच्या शरीराने नाकारली तर मी फार रडेन, पण दिल्याचा पश्चात्ताप होणार नाही, असं आज वाटतं.” त्यांनी सही केली.

इथून पुढे कागद. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा आहे, २०११ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, नियम २०१४ चे. भाऊ-बहीण ‘जवळचे नातेवाईक’ यात येतात, त्यांच्यासाठी फॉर्म १. नवरा-बायकोसाठी फॉर्म २. दोघांचे आधार, पॅन, शिधापत्रिका, उत्पन्नाचे दाखले, राहत्या पत्त्याचा पुरावा, शाळा सोडल्याचे दाखले, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, माझ्या नवऱ्याची संमती, आणि घरातले जुने एकत्र फोटो. फोटो का, तर खरंच भाऊ-बहीण आहेत हे दिसावं म्हणून. आम्ही १९८४ च्या नाताळातला दिला: चर्चच्या पायरीवर आईवडील, हाफ पँटमधला दादा आणि त्याचं बोट धरलेली मी.

गाडी अडली ती वडिलांच्या नावावर. दादाच्या दाखल्यावर ‘शमुवेल दावीद’, माझ्या दाखल्यावर ‘सॅम्युअल डेव्हिड’. मराठी ख्रिस्ती घरांत हे सर्रास आहे. एका मास्तरांनी बायबलातलं मराठी रूप लिहिलं, दुसऱ्यांनी इंग्रजी. आम्हाला त्यात काही वेगळं दिसत नाही, पण कागदावर ती दोन माणसं होतात, आणि दोन बाप म्हणजे भावंडं नाहीत. खिडकीवरच्या माणसाने फाइल परत सरकवली आणि तो म्हणाला, “आधी सिद्ध करा.” वडील हयात असते तर एका सहीचं काम होतं.

शेवटी नगरच्या आमच्या जुन्या चर्चमध्ये गेले. अमेरिकन मराठी मिशनने नगरात १८३१ साली काम सुरू केलं, तेव्हापासून इथल्या मंडळ्यांना नोंदी जपून ठेवायची सवय आहे. पाळकसाहेबांनी कपाटातून बाप्तिस्म्याची नोंदवही काढली. पानांना कडेने तपकिरी रंग चढलेला, निळी शाई फिकी झालेली. दादाचं पान सापडलं, मग सहा वर्षांपुढचं माझं. दोन्हींत पित्याचं नाव एकाच वळणात, ‘शमुवेल दावीद’, धंदा ‘शिक्षक’, आणि खाली साक्षीदार म्हणून आजोबांची सही. मी त्या सहीवर बोट ठेवून उभी राहिले. तान्ही असताना मला ज्या देवाच्या हाती दिलं होतं, त्याचा कागद माझ्या हातात होता. पाळकसाहेबांनी दोघांचे दाखले शिक्का मारून दिले, पैसे घेतले नाहीत. त्याला जोडून ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं आईचं प्रतिज्ञापत्र केलं, तेव्हाच्या शंभराच्या स्टॅम्पवर, नोटरीसह साडेचारशे रुपये. एचएलएचा रिपोर्टही नात्याला दुजोरा देतो, तो लावला. फाइल पुढे गेली तेव्हा जानेवारी संपत आला होता. तुमच्या घरात असा नावांचा घोळ असेल तर तपासण्या चालू असतानाच तो निस्तरा, शेवटी ठेवू नका.

पैशांचंही सांगते. दोघांच्या ऑपरेशनचा अंदाज सात लाख ऐंशी हजार. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा विभागाला भेटायचं. दादाला त्यातून काही सवलत मिळाली. मुख्यमंत्री सहाय्यता निधीकडे अर्ज केला, तिथूनही मदत आली. त्याच्या पीएफमधून काढले, वहिनीच्या बांगड्या गेल्या, आणि दोन्ही मंडळ्यांनी मिळून एक लाख दहा हजार जमवून दिले. त्यातल्या एका पाकिटात वीस वीसच्या नोटा होत्या. ते कोणाचं ते मला माहीत आहे, आणि त्यांना ते किती जड गेलं असेल हेही.

८ फेब्रुवारी २०२४ ला प्रत्यारोपणाला मंजुरी देणाऱ्या समितीपुढे बोलावलं. लांब टेबल, पाचसहा जण, समोर कॅमेरा, कारण सगळ्या मुलाखतीचं चित्रीकरण होतं. आधी दादाला, मग मला, मग माझ्या नवऱ्याला. “पैसे घेतले का? माहेरच्या जमिनीत काही वाटा ठरला का?” ऐकताना अंगाची आग झाली, पण प्रश्न बरोबर आहेत. बायकांकडून किडन्या घेतल्या जातात त्या बऱ्याचदा नकार देता येत नाही म्हणून, हे मी तिथल्या बाकांवर बसून पाहिलं होतं. दाता स्त्री असेल तर तिची स्वतंत्र संमती रुग्णाशिवाय दुसऱ्या कोणीतरी पक्की करून घ्यायची, असं नियमातच आहे. समितीतल्या एका डॉक्टरबाईंनी सगळ्यांना बाहेर पाठवून मला विचारलं, “तुम्हाला आत्ता नाही म्हणायचं असेल तर आम्ही वैद्यकीय कारण सांगू. घरी कोणाला कळणार नाही. तुमच्या इच्छेने देताय का?”

इच्छा हा शब्द मी चार महिने रोज रात्री उच्चारत होते. गेथशेमानेतलीच प्रार्थना: माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. आणि इथे मला माझी इच्छा विचारत होते. क्षणभर वाटलं, काय सांगू? मग कळलं की प्रभूनेही उठून स्वतःच्या पायांनीच पाऊल टाकलं होतं, त्याला कोणी ओढत नेलं नव्हतं. मी म्हटलं, “हो, माझ्या इच्छेने. भीती वाटते, पण इच्छा माझी आहे.” त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्या हातावर हात ठेवला.

मंजुरीचं पत्र १६ तारखेला आलं. नवऱ्याने संमतीवर सही केली होती, पण त्याची भीती मला त्या रात्री दिसली. तो गॅलरीत उभा होता. म्हणाला, “मी तुला थांबवलं असतं तर स्वतःच्या नजरेतून उतरलो असतो. म्हणून नाही थांबवलं.” त्या दिवसापासून आम्ही वहीतलं वाचून दोघांनी प्रार्थना करायला लागलो. त्याची तीन वाक्यं वाढली.

११ मार्चला भरती झालो, १२ ला सकाळी ऑपरेशन. पहाटे सिस्टरने अंगठी, बांगड्या आणि गळ्यातला छोटा क्रूस काढायला सांगितला. क्रूस काढताना जीव खाली-वर झाला. नवऱ्याने तो मुठीत धरला. स्ट्रेचर ढकलणाऱ्या मामांनी विचारलं, “कोणाला देताय ताई?” “भावाला.” “मग रक्षाबंधन उलटं झालं,” म्हणाले आणि स्ट्रेचर अगदी हळू, उंबऱ्यावर न आदळता आत नेलं. थिएटरमध्ये फार गार होतं, दात वाजत होते. भूलतज्ज्ञ म्हणाले, “काहीतरी मनात म्हणा.” मी तेविसावं स्तोत्र सुरू केलं. आईने पाठ करून घेतलेलं. कुरणापर्यंत पोचले, पाण्यापर्यंत नाही.

जाग आली तेव्हा कोणीतरी सांगत होतं, “टेबलावरच लघवी सुरू झाली.” माझी की दादाची कळेना. दादाची. तेरा महिन्यांनी.

दुखलं. पोटापेक्षा खांदा जास्त, कारण दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात भरलेला वायू तिथे जाणवतो. हे आधी माहीत असेल तर घाबरायला होत नाही. दुसऱ्या दिवशी नळी काढली आणि चालवलं. खोकताना पोटावर उशी दाबून धरायची, ही मावशींची सूचना सगळ्यात कामी आली. पाचव्या दिवशी घरी सोडलं. सहा आठवडे जड उचलायचं नाही, पाण्याची बादलीसुद्धा नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना अवयवदानासाठी २०२३ पासून बेचाळीस दिवसांपर्यंतची विशेष रजा आहे. मला ती लागू नव्हती, अर्धपगारी घेतली.

आणि घरी आल्यावर मी कोसळले. याची कल्पना मला कोणी दिली नव्हती. सगळे फोन दादाच्या क्रिएटिनिनसाठी यायचे. मी पलंगावर पडून छताकडे बघायचे आणि कारण नसताना रडायला यायचं. त्यातच १८ मार्चला वहिनीचा फोन आला: १.४ वर आलेलं क्रिएटिनिन २.३ झालंय, बायोप्सी करणार. वहीतली ती भीती खरीच दारात येऊन उभी राहिली. मी प्रार्थनेला बसले आणि पुन्हा तेच तीन शब्द. मला भीती वाटते. मावशी रिक्षा करून आल्या, माझ्याशेजारी बसून राहिल्या, भाकरी करून गेल्या. एकही वचन त्यांनी म्हटलं नाही. पण त्या संध्याकाळी मला एक कळलं, दादाचा राग आलेला नव्हता. त्या एका वाक्यावर मी दुसऱ्या दिवशी काट मारली.

बायोप्सीत सुरुवातीचं रिजेक्शन निघालं, म्हणजे दादाचं शरीर किडनी नाकारायला लागलं होतं. तीन दिवस स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली आणि आकडा उतरायला लागला. २७ ला दादाला सोडलं, पण रुग्णालयाजवळच खोली घेऊन राहायचं होतं, गर्दीत जायला बंदी, मास्क, आठवड्याला दोनदा रक्त. औषधांचा महिन्याचा खर्च पहिल्या वर्षी चौदा हजारांच्या आसपास गेला. पॅकेज ठरवताना हा हिशेब धरा, कारण त्या गोळ्या कायमच्या आहेत आणि एकही चुकवायची नाही.

३१ मार्चला ईस्टर. दादाला चर्चमध्ये जाता येणार नव्हतं. सकाळची उपासना आटोपून आमचे पाळकसाहेब त्याच्या खोलीवर आले, मास्क लावून, हात धुऊन. खोलीत आम्ही पाचच: दादा, वहिनी, आई, नवरा, मी. मी उशी पोटाशी धरून खुर्चीत. त्यांनी प्लास्टिकच्या खोक्यावर पांढरं फडकं अंथरलं, भाकर मोडली, छोटे प्याले भरले. दादाने प्याला घेतला, प्यायला, आणि डोळे मिटून बराच वेळ बसला.

मग सवयीने उशाची डायरी ओढली. डॉक्टरांनी आता रोज तीन लिटर प्यायला सांगितलं होतं, आणि किती गेलं नि किती आलं ते अजूनही लिहायचंच होतं. त्याने घड्याळ बघितलं, पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि लिहिलं, “११.२०, प्रभुभोजन, १० मिली.” वहिनीने शेजारचा तांब्या त्याच्या हातात दिला. तो घटाघटा प्यायला, श्वास घ्यायला थांबला, आणि उरलेलंही प्यायला.